भोंग्याच्या आधी

शालिक, परवाच्या सभेत सगळे तुझ्याविषयी बोलले, मीच तेवढी गप्प बसले. तुला हसूच आलं असतं. जन्मभर जिच्या तोंडाला तू झाकण शोधलंस, ती तुझी थोरली बहीण, तुझी बाई, तुझ्याच पुण्यानुमोदनाला तोंडाशी पदर धरून बसली होती. विहारासमोर मांडव घातला होता. तुझा टोपीतला फोटो ठेवला होता, लढाईच्या आधीचा, गाल भरलेले. एकानं तुझी पलटण सांगितली, एकानं पदक सांगितलं. मामांनी तर तू एकट्यानं किती जणांना लोळवलंस तेही सांगितलं. मी फोटोकडं बघत होते. मनात म्हटलं, ऐकून राहिला काय गा? याच मामांनी तुला पागलखान्यात टाका म्हणून मायजवळ धरणं धरलं होतं.

तर तिथं जे कोणी बोललं नाही ते मी इथं लिहिते. आणि लिहिताना जरा नीट मराठी लिहिणार आहे, त्यावरही तू हसशील. "बाई, पुस्तकातली झाली वं!" म्हणशील. अरे, पण मला अक्षरं आली ती तुझ्यामुळंच ना. तू फौजेतून निळी पत्रं पाठवायचास. ती किराणावाल्याकडून वाचून घ्यावी लागायची, आणि तो मधेमधे स्वतःच्या मनाचं घालायचा. एकदा त्यानं वाचलं, "उधारी लवकर चुकती करावी." तू कधी असं लिहिशील? त्या दिवशी ठरवलं, आपलं आपण वाचायचं. विड्यांची तंबाखू ज्या कागदात बांधून यायची, त्या कागदावर बोट फिरवत मी वाचायला शिकले. तुझं एक पत्र वाचायला पहिल्यांदा मला अख्खी दुपार लागली होती. त्यात काही विशेष नव्हतं. थंडी आहे, वसंता नावाचा काटोलकडचा दोस्त मिळाला आहे, तो फार बडबडतो, एवढंच होतं. पण ते मी वाचलं होतं.

आता भोंग्याचं सांगते.

आपली वस्ती मिलच्या भिंतीला लागून. पाळी बदलली की मिलचा भोंगा व्हायचा, आणि आपलं सगळं घड्याळ त्याच्यावर चालायचं. चूल पेटवायची भोंग्यावर, पाणी भरायचं भोंग्यावर. लहानपणी तू अंगणात उभा राहून, मान वर करून, भोंग्याच्या सुरात सूर लावून ओरडायचास. माय म्हणायची, "हे पोट्टं कोल्ह्याच्या पोटचं होय." त्याच भोंग्याखाली तू वाढलास.

लढाई संपल्यावर तुला घरी पाठवलं तेव्हा हातपाय धड होते. वस्तीनं हार घातले. आपण जेवायला बसलो, आणि भोंगा झाला. ताट एकीकडं, वाटी एकीकडं. तू मायला खेचून खाटेखाली घेतलंस आणि तिच्या अंगावर पालथा पडलास. मायला वाटलं, पोरगं मस्करी करून राहिलं. ती हसत होती. मग तिला तुझ्या छातीची धडधड लागली, आणि तिचं हसू थांबलं.

"अरे बावा, भोंगा होय," ती म्हणाली. "आपला भोंगा."

तू जे बोललास ते मी अजून विसरले नाही. "मले माहीत आहे वं माय. पण माह्या आंगाले माहीत नाही."

शालिक, एवढं नीट सांगितलं होतंस तू. पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. आणि आम्ही काय केलं? मामांनी खटपट करून तुला मिलच्या फाटकावर दरवानाची नोकरी लावून दिली. फौजी माणूस, फाटकावर शोभेल! मायनं गल्लीत चिवडा वाटला. मी तुझा कोट बंबावर धरून कोरडा केला. आता सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही, पण एवढ्या मोठ्या वस्तीत एकाच्याही डोक्यात आलं नाही की भोंगा फाटकाच्या वरच्याच छपरावर आहे. ज्या आवाजानं तू खाटेखाली जायचास, त्याच्याच पायाशी आम्ही तुला वाजतगाजत उभं केलं.

पहिल्याच पाळीला तू फाटकामागच्या नालीत सापडलास. कामगार हसले. पोरांना खेळ मिळाला. तू दिसलास की मागून भोंग्याची नक्कल करायची. मग तू घराबाहेर येणंच सोडलंस. भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसून राहायचास. हात थरथरायचे, चहा बशीत कमी आणि धोतरावर जास्त. मामा म्हणाले, पागलखाना. माय म्हणाली, बाहेरचं लागलं. एक दिवस तुझ्या उशीखाली लिंबू सापडलं, सुया टोचलेलं. माझं डोकं फिरलं.

"माय, दीक्षा घेतली त्या दिवशी तूच देव्हारा उचलून नदीला दिला ना? मंग हे लिंबू कायले आणलं?"

माय शांतपणे म्हणाली, "देव सोडला म्या. पोरगं नाही सोडलं."

लिंबू मी तरीही फेकून दिलं. मग तुला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथं एक तरुण डॉक्टर होता, त्यानं तुला खुर्ची दिली आणि दार उघडं ठेवलं. तू दाराकडं बघत बसतोस हे त्यानं न सांगता ओळखलं. गोळ्या दिल्या. मला म्हणाला, "घरात कोंडून ठेवू नका. हाताला काम द्या, माणसांत बसवा."

हाताला काम! माझ्याकडं काम एकच होतं. मी अंगणात आणून तुझ्या मांडीवर विड्यांचं सूप ठेवलं.

पुरुषांनी विड्या वळू नये असं कुठं लिहिलेलं नाही, पण आपल्या अंगणात बसायच्या बायकाच. रुखमा, तिची सून, मी आणि आणखी दोघीतिघी. तू आलास तशा सगळ्यांनी पदर सावरून घेतले. भिजवलेलं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, एवढंच काम. पण बोटं थरथरत असली तर पानच फाटतं. तुझी पहिली विडी झाली तेव्हा रुखमानं ती उचलून उन्हात धरली.

"शालिकभाऊ, हे विडी होय का लाटणं गा?"

सगळ्या थबकल्या. आणि तू हसलास. फौजेतून आल्यावरचं तुझं पहिलं हसू ते, आणि तेही रुखमाच्या नशिबात! मला तिचा थोडा रागच आला.

पुढं गल्लीतल्या बाप्यांची तोंडं सुटलीच. "फौजी बायकांत बसून विड्या वळते!" रुखमा सुपातून मान वर न करता म्हणाली, "तुमी वढता त्या विड्या कोणं वळल्या गा? बायकांनंच ना? तोंडाले लावता तवा लाज वाटत नाही, अना आता वाटून राहिली?" त्यानंतर आपल्या अंगणापुरती तरी कोणाची टाप झाली नाही.

भोंग्याची रीत कोणी ठरवली ते आजही सांगता येत नाही. ठरवलीच नाही. रुखमाचा नवरा मिलमध्ये, त्याचा डबा तिच्या डोक्यात चोवीस तास. भिंतीची सावली बघून तिला पाळीची वेळ कळायची. एक दिवस सहज म्हणाली, "शालिकभाऊ, भोंगा होऊन राहिला गा." तू सूप खाली ठेवलंस. भिंतीला पाठ टेकवलीस, दोन्ही तळवे जमिनीवर दाबले. भोंगा झाला. तुझे डोळे गच्च मिटले, कपाळावर घाम आला, पण तू तिथंच होतास. भोंगा संपला. आम्ही श्वास सोडला. रुखमा तिच्या सुनेच्या माहेराला नावं ठेवत होती, ती तिथूनच पुढं सुरू झाली.

झालं, त्या दिवसापासून रीत पडली. रुखमा नसली तर मी सांगायची, मी नसले तर तिची सून. पुढं तर रस्त्यानं जाणारी बाईही दाराशी थांबून म्हणायची, "भोंगा, भाऊ," आणि आपल्या वाटेनं जायची. भोंगा काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. पण तुझ्या अंगाला जे माहीत नव्हतं ते आधी सांगायचं काम अख्ख्या गल्लीनं वाटून घेतलं. आधी तुझ्या मांडीवरची तंबाखू सांडायची. मग नुसतं पान सुटायचं. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की तळवे जमिनीवर न टेकवता तू वळतोच आहेस.

सगळं नीट झालं असं मी म्हणत नाही. दिवाळीत तू डोक्यावरून चादर घ्यायचास. काही महिने असे यायचे की तू पुन्हा खाटेखालचा व्हायचास, बोलणं बंद, जेवण बंद. लग्नाचं तू मनावर घेतलं नाहीस. "माह्याजवळ झोपलेल्या माणसाचे हाल होतील," एवढंच म्हणालास. मी भांडले, तू ऐकलं नाहीस. पण पुन्हा बाहेर यायचास. दर वेळी बाहेर यायचास, हे मी परवा सभेत उठून सांगायला पाहिजे होतं. लोळवलं-बिळवलं राहू दे, हे सांगायला पाहिजे होतं.

आणि तुझा-माझा तो वाद. तो राहूनच गेला.

एका दुपारी रुखमा तिच्या पहिल्या बाळंतपणाचं सांगत होती. पोरगी जन्मली, रडलीच नाही. रुखमा हे दरवर्षी एकदा सांगते, विड्या वळता वळता, रडत नाही. तिचं सांगून झालं आणि तू मधेच म्हणालास, "वसंताचा हात माह्या हातात होता."

कोणी मान वर केली नाही. रुखमानंच विचारलं, "मंग?"

"मंग काही नाही. मंग हात थंडा झाला."

"मोठा होता काय दोस्त?"

"नाही. माह्याएवढाच. त्यानं म्हटलं होतं, मायले जाऊन सांगजो."

त्या दिवशी मला कळलं की तुझ्या छातीवर भोंग्यापेक्षा मोठं काय बसलं आहे. काटोलजवळ एका गावात एक बाई होती, संत्र्याच्या बागेतली, जिचं पोरगं परत आलं नव्हतं, आणि तिला सांगायचा निरोप तुझ्याजवळ होता. तो तू दिलाच नव्हतास. मी त्या दिवसापासून तुझ्या मागं लागले. जा, सांगून ये. सांगितल्याशिवाय सुटणार नाही.

"बाई, सांगून तिचं पोरगं परत येते काय?"

"नाही येत. पण तिचं वाट पाहणं तरी सुटते."

"तिचंबी सुटते अना माहंबी, नाही काय? तुले वाटते सगळं बोलूनच सुटते."

"मंग कायनं सुटते? विड्या वळून?"

"हो," तू म्हणायचास, आणि विडी वळायचास. असा तू!

शेवटी तू निघालास. एसटी स्टँडपर्यंत गेलास आणि परत आलास. पुन्हा निघालास, गाडीत बसलास, कळमेश्वरला उतरून चहा प्यालास आणि परत आलास. असं किती वेळा झालं! रुखमा म्हणायची, "काय गा शालिकभाऊ, कळमेश्वरलेच सासरवाडी केली काय?" तू म्हणायचास, "चहा मस्त भेटते वं तथी." मी तुझ्याबरोबर येते म्हटलं तर नको. मी म्हटलं, मी नुसती बसेन, बोलणार नाही. तू माझ्याकडं असं बघितलंस की मलाच हसू आलं.

मग एका थंडीत तू कळमेश्वरला उतरला नाहीस. संध्याकाळी आलास तो गमछ्यात संत्री बांधून. मी दारातच धरलं.

"सांगितलं?"

"संत्रं खाय आधी."

"शालिक, सांगितलं का?"

"खाय वं बाई. झाडावरचं आहे."

मी समजले की सांगितलंस. संत्रं सोललं, रसानं माझा पदर भरला, मी रडत होते आणि खात होते. त्यानंतर दर हंगामाला तू संत्री तोडायला तिकडं जायचास, चार दिवस राहायचास, तोंडावर रंग घेऊन यायचास. मी तुझ्याबरोबर कुरडया पाठवायची, तिकडून तुरीची डाळ यायची. मला मात्र तू कधी नेलं नाहीस. मनात म्हणायची, असू दे, सांगून मोकळा झाला ना, माझंच खरं झालं. तुला तसं अधूनमधून ऐकवायचीही. तू विडी वळायचास.

तुझी छाती गेली ती विड्यांच्या धुळीनं, असं डॉक्टर म्हणाले. ते मला लागतं रे. ज्या सुपानं तुला बसतं केलं त्यानंच... पण शेवटच्या आठवड्यात मी तसं म्हटलं तेव्हा तू डोळे वटारलेस. "सूप नसतं तं मी कवाच गेलो असतो. हिशेब नको लावू." बरं, नाही लावत.

काटोलला निरोप उशिरा पोचला. वसंताची माय, पार्बताबाई, सभेच्या दुसऱ्या दिवशी आली. एसटीनं, एकटी, एवढी म्हातारी बाई, अर्धं पोतं संत्री घेऊन. आम्ही अंगणात बसलो होतो, सुपं मांडीवर. काम थांबवून चालत नाही, तुला माहीत आहे. तिनं तुझा फोटो बघितला, आणि आमच्यातच टेकली. पाणी दिलं, प्याली. आमच्या घरचं चालेल का, असं माझ्या तोंडावर आलं होतं, तोवर लोटा रिकामा. म्हणाली, "तो माह्या चुलीजवळ बसून जेवे, अना मी तुह्या घरचं पाणी नाही पिणार?"

मी म्हटलं, "मावशी, तुमचे उपकार आहेत. तुम्हाला सांगून तो मोकळा झाला. नाहीतर आमच्याकडं मुका होता."

"मुका?" पार्बताबाई माझ्याकडं बघतच राहिली. "कोण? शालिक? तो मुका होय? काय सांगून राहिली वं बाई! बडबड्या होता तो. झाडावर चढला का तोंड सुरू, उतरला तरी सुरू. माहे कान पिकवे."

रुखमाचं सूप हलायचं थांबलं.

"वसंता असा झोपे, वसंता असा खाये, पंजाब्यायच्या पोट्ट्यायसंग संत्र्यावरून कसा भांडे. संत्र्याची वाळली साल खिशात ठेवे अना वास घे. बेडकाले भ्याये, एवढा मोठा फौजी! झोपीत बैलायले हाक मारे, नावं घेऊन. सारं मले शालिकनं सांगितलं. दर साली नवं. शेवटी शेवटी तं बनवून सांगे." ती हसली, दात नव्हतेच. "मले समजे. एवढं कोणाच्या आयुष्यात घडते काय? पण म्या म्हटलं, सांग बावा."

मी विचारलं, "आणि तो गेला कसा, ते?"

"ते म्या इचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. पहिल्या दिवशी आंगणात उभा होता, हात असे लटलट कापून राहिले होते. म्या ते हात धरले. मले समजलं, माहं पोरगं एकटं नाही गेलं. मंग म्हटलं, जेवला काय गा?"

शालिक, म्हणजे तू सांगितलंच नाहीस! इतकी वर्षं मी जिंकले म्हणून मिरवत होते आणि तू गमछ्यात संत्री बांधून आणून माझं तोंड बंद करत होतास. बरं, हरले मी. पण तूही जिंकला नाहीस, समजलं? सगळं बोलूनच सुटते काय म्हणायचास, आणि तिकडं झाडावर चढून चार-चार दिवस बोलत होतास. बोलत होतास ते वसंताच्या मरणाचं नव्हे, एवढंच. माझ्या डोक्यात ते कधी आलंच नाही. तुझ्याजवळ त्या बाईला द्यायला वसंताचं जगणं आहे, हे मला दिसलंच नाही. ते तुझं तुला सापडलं. आणि तू हसत होतास, गप्पा मारत होतास, थापा मारत होतास, हे ऐकून मला काय वाटलं ते कसं लिहू? आपलं माणूस गेल्यावर त्याच्याविषयी नवं काही हाती लागत नाही म्हणतात. मला तर अर्धं पोतं लागलं.

आम्ही अशा बसलो होतो. भिंतीची सावली नालीपर्यंत आली. आणि रुखमा, मान सुपातच, सवयीनं म्हणाली, "शालिकभाऊ, भोंगा होऊन राहिला गा."

म्हणाली आणि तिनंच तोंडावर हात दाबला. कोणाच्याच हातचं पान हललं नाही. तुझ्या जागेकडं बघायचं कोणालाही धाडस झालं नाही. तिथं पार्बताबाई बसली होती. भोंगा झाला. तिनं तो कधी इतक्या जवळून ऐकला नव्हता. बिचारी दचकली आणि माझा हात असा काही घट्ट धरला की कैची खाली पडली. भोंगा थांबला तरी हात सोडेना.

मी तिला हंगाम संपेपर्यंत ठेवून घेतलं आहे. बाग तिच्या भाच्यानं करायला घेतली आहे, तिला तिकडं घाई नाही. तुझ्या सगळ्या थापा आता मी तिच्याकडून ऐकते आहे. विड्या मात्र तिला जमत नाहीत, लाटणीच होतात, रुखमाला नवं गिऱ्हाईक मिळालं.

आज दुपारी सावली सरकली तशी रुखमानं मान वर केली, तुझ्या जागेकडं सरळ बघितलं आणि म्हणाली, "मावशी, भोंगा होऊन राहिला वं."

पार्बताबाईनं सूप खाली ठेवलं, पाठ भिंतीला टेकवली आणि तळवे जमिनीवर ठेवले. तिला हे इथं कोणी शिकवलं नव्हतं, शालिक. आमच्यातल्या एकीनंही नाही.